रंभाबाईचं गाडगं

रंभाबाईची मला किळस यायची. हे आधीच सांगून टाकते. ख्रिस्ती मंडळीत बावीस वर्षं रविवारच्या शाळेची बाई म्हणून काढली की आपण सगळ्यांवर सारखीच प्रीती करतो, असं लोकांना वाटतं. वाटू दे बापडं.

ही बाई सोलापुरातल्या एका कापड गिरणीत सुताच्या कांड्या भरायची. मूळची केम गावाकडची. नवरा भीमा त्याच गिरणीत झाडलोट करायचा. मूलबाळ नव्हतं. कामाला वाघ, राहायला नीटनेटकी, पण नजर सदा शेजारणीच्या घरात. शेजारीण म्हणजे गोजरबाई. चाळीत दोघींच्या खोल्यांना एकच भिंत होती. गोजरबाईच्या नवऱ्याला, मायाप्पाला, मुकादमी मिळाली, तर हिला दोन दिवस घास गोड लागला नाही. त्यांच्या पोरीनं उपासनेत पवित्र शास्त्र वाचलं, तर हिनं घरी जाऊन भीमासमोर तिच्या वाचण्याची नक्कल केली. प्रार्थनेला सगळ्यांचे डोळे मिटलेले असायचे, तेव्हाही हिचा एक डोळा गोजरबाईच्या लुगड्यावर. मला कसं कळलं, असं विचारू नका.

आमच्या मंडळीत एक रीत होती. दळायला ज्वारी काढली की त्यातली एक मूठ आधी देवाच्या गाडग्यात टाकायची. महिन्याच्या पहिल्या रविवारी बायका ती गाडगी उपासनेला घेऊन यायच्या. मी ती एका पोत्यात रिकामी करायची आणि सोमवारी ते धान्य अडलेल्या घरांना जायचं. ओतण्याआधी कुणाचं गाडगं काठोकाठ भरलंय ते मी मोठ्यानं सांगायची. बायकांना हुरूप यावा म्हणून. दर खेपेला नाव गोजरबाईचंच यायचं. तिच्या घरात खाणारी आठ माणसं, दळण मोठं, मुठी जास्त. रंभाबाईचं गाडगं अर्ध्याच्या वर कधी आलं नाही. मग ती ओठ दाबून सतरंजीच्या कडेला बसायची आणि तिचं ते तोंड बघून माझं डोकं फिरायचं.

एकोणतीस सालच्या भादव्यात मात्र तिचं गाडगं आलं ते शिगोशीग. वर पांढराशुभ्र शाळू, मोत्यासारखा. मी नाव घेतलं. रंभाबाईनं मान ताठ करून मागं बघितलं. मागं गोजरबाई बसली होती, रिकाम्या हातानं. मायाप्पा तीन आठवडे विषमज्वरानं अंथरुणाला खिळला होता. पगार बंद, आठ माणसांचं घर एकट्या बाईवर पडलं होतं, आणि रंभाबाईच्या चेहऱ्यावर चक्क आनंद!

तेवढ्यात मंडळीचे पाळकसाहेब उठून म्हणाले, "गोजरबाईंच्या घरी काल चूल पेटली नाही. सोमवारची वाट कशाला बघायची? बाई, एक गाडगं आत्ताच त्यांना द्या."

मी सगळ्यांत भरलेलं उचललं.

"बाई, माझं नगं!" रंभाबाई ताडकन उठली. "दुसरीचं द्या की. माझं पोत्यात घाला."

मी भर मंडळीत तिला झाडली. "देवाला दिलंत ना? मग ते कुणाच्या घरी जातंय याची पंचाईत तुम्हांला कशाला? शेजारणीच्या पोरांच्या तोंडात तुमचा दाणा गेला तर पोट दुखतं का?"

तिनं सगळ्यांकडे बघितलं आणि ती खाली बसली. उपासना संपली आणि गाडगं घेऊन मी स्वतः गोजरबाईबरोबर चाळीत गेले.

गोजरबाईनं ते सुपात उपडं केलं. वरच्या दोन मुठी शाळू घरंगळून बाजूला पडला आणि त्यावर खालचं आलं. काळपट, भुसभुशीत, जाळी धरलेलं. उंदराच्या लेंड्या, खडे, आणि वळवळणारे सोंडे. कुबट वास खोलीभर झाला. दोन सोंडे गोजरबाईच्या मनगटावरून वर चढू लागले. पोरं सुपाभोवती बसली होती. धाकटीनं त्यातला एक दाणा उचलून तोंडात टाकला आणि मी तिच्या तोंडात बोट घालून तो काढला.

गोजरबाई सूप हातात घेऊन पाखडायलाच बसली. त्यातनंही दोन भाकरी निघतील, या हिशेबानं.

"पाखडू नगंस, गोजरे."

दारात रंभाबाई उभी होती. डोक्यावर पिठाचा डबा, घरात होतं नव्हतं ते सगळं. धावत आल्यामुळं तिला धाप लागली होती.

"दुकानात खाली सांडल्याली झाडणी हाय ती. जनावरं बी तोंड लावत न्हाईत. म्याच भरलीया." ती माझ्याकडे बघून म्हणाली, "मगाशी सांगायचं हुतं. जीभच उचलली न्हाई. सगळी बघत हुती."

"कशापायी केलंस गं?" गोजरबाईनं विचारलं.

"तुझं भरल्यालं असतंय म्हनून. तुझं समदंच भरल्यालं असतंय." तिनं डबा खाली ठेवला आणि ती तिथंच उंबऱ्यावर बसून रडायला लागली.

गोजरबाईनं सूप बाजूला सरकवलं. "माझं भरल्यालं व्हय? पोरांची अर्दी अर्दी भाकर कापून भरत हुते मी. दर म्हैन्याला. बाई नाव घ्येत्यात, आन तू हाईस की बघायला. ह्या खेपंला रंभी म्होरं जाईल का, ह्याच काळजीनं झोप लागत न्हवती मला."

दोघींनी एकदम माझ्याकडे बघितलं. दोष देण्यासाठी नव्हे, सहजच. मला तिथं उभं राहवेना. मी सूप उचललं आणि ती घाण बाहेर उकिरड्यावर टाकून आले. हाताला तो वास संध्याकाळपर्यंत होता.

परत आले तर चूल पेटली होती आणि रंभाबाई भाकरी थापत होती. तव्यावरची भाकरी उलटता उलटता तिची प्रार्थना चालली होती. ती तशीच मोठ्यानं प्रार्थना करायची, घरात काय नि मंडळीत काय. "प्रभू, गोजरीचं किती, ह्ये मला दावू नगंस. तू माजंच बघ. थोडं हाय, पन सोच्छ आनीन."

पुढच्या महिन्यात मी नावं घेणं बंद केलं. रंभाबाईचं गाडगं अर्ध्याहून कमी होतं, दाणा निवडलेला. गोजरबाईनं दोनच मुठी आणल्या. रंभाबाईनं आपलं गाडगं स्वतःच्या हातानं ओतलं, कुणाकडे न बघता येऊन बसली आणि प्रार्थनेला डोळे मिटले. दोन्ही.

हे मी पाहिलं, कारण माझे उघडे होते. प्रार्थना चालू असताना मी ओळीनं ठेवलेल्या रिकाम्या गाडग्यांच्या आत दाण्यांची धूळ कुठवर लागलीय तिकडे बघत होते, कुणाचं किती आलं असेल ते ताडत. माझं मलाच कळलं तेव्हा अंगावरून सोंडे चालल्यासारखं झालं, आणि मी घाईघाईनं डोळे मिटले.