दर शंभर पावलांवर जय भीम

बाबा बाजाराला निघाले की शंभरेक पावलांवर कुणाला तरी जय भीम करायला थांबायचे. मग पुढच्या पानठेल्यापाशी पुन्हा. ज्यांच्याशी वर्षानुवर्षं बोलणं नव्हतं, त्यांच्याही लेकरांची चौकशी व्हायची. आई म्हणायची, "निवडणुकीले उभं राहता काय आता?" मी मागून चालत असे, म्हणून मला दिसायचं. बोलता बोलता त्यांचा हात डाव्या पोटरीवर जायचा.

नागपूरच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की मांडीच्या धमनीत चरबीचा आणि कॅल्शियमचा कडक थर साचलाय, म्हणून चालताना पोटरीला रक्त पुरत नाही. बारीक नळीवरचा फुगा आत नेऊन ध्वनिलहरींनी तो थर फोडता येईल.

बाबा वणीच्या कोळसा खाणीत सुरुंगासाठी भोकं पाडतात. त्यांना आवाजाची ताकद माहीत आहे. "साहेब, आमच्याकडे ब्लास्टिंग झालं का घराले भेगा पडते. मंग नस काहून नाही फाटन?"

डॉक्टर हसले नाहीत. "मऊ भिंतीतून लहर निघून जाते, काका. कडक असतं तेच तडकतं. धोका अगदीच नाही असं मी म्हणणार नाही, पण कमी आहे. न थांबता किती चालता तुम्ही?"

"दोन किलोमीटर. आरामात."

"मग घाई नको. गोळ्या घेऊन बघू."

त्यांनी फाइल मिटली. बाबांचे खांदे सैल पडले. इंग्रजी शाळेत शिकलेली म्हणून माझं काम फक्त फॉर्म वाचायचं होतं. अनोळखी माणसांसमोर मला बोलता येत नाही, कुठल्याच भाषेत.

"शंभर पावलं," मी टेबलाकडे बघत म्हणाले. "मग जय भीम करायला थांबतात."

फाइल पुन्हा उघडली गेली.

बाहेर बाकावर बसल्यावर बाबा म्हणाले, "तू मोजून राह्यली होती?"

"हो."

"मले वाटलं, कोणालेच समजत नाही."

फुग्याने तो थर फोडल्यावर दोन महिन्यांनी आम्ही बाजाराला निघालो. कोपऱ्यावरच्या शिंपीकाकांनी मशीन थांबवून हाक मारली, "काहून गा, पाय दुरुस्त झाला तं ओळख विसरला काय?"

बाबांनी चालता चालताच हात वर केला. "जय भीम. येतानी थांबतो."

मला त्यांना गाठायला भरभर चालावं लागलं.