साहेबांसाठी धरलेली जागा

लातूर वेगळा जिल्हा झाला, त्यानंतरच्या एका दुष्काळी उन्हाळ्यात मी जायचो त्या लातूर-अहमदपूर एसटीत एक माणूस दर गुरुवारी शेजारच्या जागेवर टॉवेल टाकून बसे. अहमदपूरजवळ तो मुलींचं वसतिगृह चालवत होता. तिथली विहीर आटली होती. लातुरातल्या एका नव्या कारखान्यानं बोअरचा खर्च उचलावा, यासाठी त्याची खटपट सुरू होती. मॅनेजर म्हणाले होते, एखाद्या गुरुवारी तुमच्यासोबत येऊन बघतो.

"साहेब लोक एसटीनं येतेत व्हय, मामा?" कंडक्टर विचारी.

"कारनं आले तर काचा लावून येतेल," तो म्हणे. "हितं बसले तर रस्ताभर घागरी दिसतेल."

गाडी हलली की तो टॉवेलची घडी करी आणि उभ्या प्रवाशाला बसायला सांगे.

एका गुरुवारी त्यानं जागा धरली नाही. मी शेजारी बसलो आणि साहेबांचं विचारलं.

"काल कारनंच येऊन गेले," तो म्हणाला. "रोडवरच्या शाळेला बोअर दिला. तिथं त्यांचा बोर्ड लोकांला दिसतो म्हने."

पुढच्या आठवड्यात मुलींना आपापल्या गावी पाठवण्यात आलं. पावसाळा लागला तेव्हा तो वसतिगृहात एकटाच राहत होता.