तळणीबाईची गाडी

इस्पितळाच्या कँटीनमध्ये तिला सगळे तळणीबाई म्हणत. कढईपुढे उभं राहण्यात तिची निम्मी हयात गेली होती. मासे असोत, बटाट्याचे काप असोत, तेलात पडलेली प्रत्येक गोष्ट तिच्याच झाऱ्यातून बाहेर यायची. घरी येऊन तिने साबणाने कितीही हात घासले, तरी मांजर तिच्या पायांत घोटाळायचं ते घोटाळायचंच.

तिचा नवरा बसडेपोत मिस्त्री होता. निवृत्त झाला आणि पाठोपाठ त्याची नजर अधू झाली. समोरचं माणूस दिसे, पण त्याचं तोंड दिसत नसे. डॉक्टरांनी बजावलं होतं, "बाकी काय हवं ते करा, गाडी चालवायची नाही." आणि दारात तर त्याची लाडकी गाडी उभी. जुनी, लांबुळकी, डिझेलवर चालणारी. तो रोज सकाळी ती पुसायचा, मग आत बसून रेडिओ ऐकायचा. स्वयंपाकघराच्या खिडकीतून तळणीबाईला ते रोज दिसे.

एकदा कँटीनमागचं गटार तुंबलं. सफाईवाल्याने आतून मेणासारखा चरबीचा गठ्ठा ओढून काढला आणि मॅनेजरच्या नावाने शंख केला. मॅनेजरने फर्मान काढलं, यापुढे वापरलेलं तेल थेंबभरही मोरीत ओतायचं नाही. कुणाला हवं असेल तर खुशाल घेऊन जा.

जेवताना तिने हे सहज सांगितलं. नवऱ्याचा घास हातातच राहिला.

"डबे घरी आण."

"त्या जळक्या तेलाचे काय दिवे लावणार आहात?"

"दिवे नाही, गाडी चालवणार. डिझेलच्या इंजिनाला तेल चालतं. गाळून, तापवून दिलं पाहिजे एवढंच."

"गाडी चालवायला आधी डोळे लागतात," ती बोलून गेली आणि तिने जीभ चावली.

तो रागावला नाही. "डोळे तुझे आहेत की," म्हणाला.

झालं! मागच्या पडवीत कारखाना सुरू झाला. त्याने आपल्या जुन्या पँटच्या तंगड्या कापून एका टोकाला शिवल्या आणि त्यांतून तेल गाळायला टांगलं. खाली पिंप. दोन तंगड्यांतून टपटप तेल गळतंय, हे दृश्य बघून शेजारीण हसून हसून बेजार झाली. गाळलेल्या तेलातही पाणी उरतं, म्हणून ते तापवावं लागे. ते काम मात्र तळणीबाईचं.

"झालं?" तो विचारी.

"अजून तडतडतंय. थांबा जरा."

संसाराला इतकी वर्षं झाली, पण दोघांनी एका चुलीपुढे उभं राहायची ही पहिलीच खेप. त्याने गाडीच्या मागच्या भागात तेलासाठी दुसरी टाकी बसवली. डेपोतला जुना दोस्त हाताशी घेऊन नळ्या जोडल्या, स्टिअरिंगजवळ एक बटण लावलं. हाताच्या अंदाजाने तो सगळं करी, बारीक स्क्रू तेवढे दोस्त पिळी.

"हे बघ," त्याने तिला समजावलं, "गाडी चालू करायची ती डिझेलवर. इंजिन तापलं की बटण फिरवून तेलावर. आणि बंद करायच्या आधी परत डिझेलवर आणून जराशी चालवायची. नाहीतर नळ्यांत तेल राहतं आणि थंडीत थिजतं."

पण आधी चालवता तर यायला हवी! तळणीबाई आयुष्यात कधी सायकलवरही बसली नव्हती. डेपोमागच्या मोकळ्या मैदानात तिने पहिल्यांदा क्लच सोडला, तशी गाडीने बेडकासारखी उडी मारली आणि बंद पडली. दुसऱ्यांदा तेच, तिसऱ्यांदा तेच. ती रडकुंडीला आली.

"माझ्याच्याने नाही व्हायचं हो!"

"अगं, मासा तेलात कसा सोडतेस? आपटतेस का? अलगद सोडतेस ना? क्लच तसाच सोड."

तिने तसा सोडला. गाडी हळूच पुढे सरकली. लायसन्सच्या परीक्षेत पहिल्या वेळी ती मागे येताना खांबाला धडकली, पण पुढच्या वेळी पास झाली. मग ती गाडी घेऊन गल्लीतून जाऊ लागली आणि मागे खमंग वास दरवळू लागला. शेजारीण म्हणायची, "बाई, तुमची गाडी गेली की माझ्या पोरांना भूक लागते. जरा जेवणाच्या वेळेला जात जा."

तळणीबाईची थोरली बहीण डोंगरापलीकडे राहायची. गुडघ्यांमुळे ताईचं बाहेर पडणं बंद झालेलं, आणि तिकडे जायचं तर बस बदलता बदलता जीव मेटाकुटीला येई. दोघी बहिणी वर्षानुवर्षं फोनवरच भेटत होत्या. थंडीच्या दिवसांत तळणीबाईने दोन दिवसांची रजा टाकली आणि नवऱ्याला शेजारी बसवून घाट चढली. वळणावळणावर ती स्टिअरिंग आवळून धरत होती. पण ताईच्या फाटकात काठी टेकून उभी असलेली आकृती दिसली आणि ती सगळं विसरली. किल्ली फिरवली, दार सताड उघडं टाकलं आणि लहान पोरीसारखी धावत सुटली.

दुसऱ्या दिवशी निघायच्या वेळी गाडी घुरघुरली, खोकली आणि गप्प झाली. नवऱ्याने बॉनेटवर कान टेकला.

"काल बंद करताना बटण फिरवलं होतंस?"

तिचा चेहरा खर्रकन उतरला. डेपोत असल्या चुकीला तो पाना फेकून मारायचा, असं त्याचेच दोस्त सांगत. ती खाली मान घालून उभी राहिली.

"ताई दिसल्यावर बटण कुणाला आठवेल!" तो म्हणाला. "तेल थिजलंय. गरम पाणी आण, बघू."

काठी टेकत ताई बाहेर आली. "बिघडली? फार बरं झालं! आता बस गुमान."

धुकं हटेना, ऊन पडेना. किटल्यांवर किटल्या ओतूनही गाडी ढिम्म हलेना. शेवटी तळणीबाईने मॅनेजरला फोन लावला. तो म्हणाला, "या सावकाश. तोवर आम्ही काप करपवतो."

ती अख्खी दुपार दोघी बहिणी एका रजईत पाय खुपसून बसल्या. फोनवर कधी निघाल्या नव्हत्या अशा गोष्टी निघाल्या. आईचा आवाज कसा होता, हे आठवताना दोघींनी तिची नक्कल केली, आणि कुणाची जास्त हुबेहूब यावरून भांडल्यासुद्धा. बाहेर मिस्त्री गुणगुणत नळ्या चाचपत होता.

पुढच्या दिवशी ऊन पडलं. त्याने फिल्टर सोडवून गरम पाण्यात ठेवला, नळ्यांतलं तेल काढून डिझेल भरलं, आणि बऱ्याच खोकल्यांनंतर इंजिनाने उरल्यासुरल्या तेलाचा भसकन धूर सोडला. ताईने नाक वर करून वास घेतला. "काय गं, निघता निघता काय तळायला घेतलंस?"

घाट उतरताना नवऱ्याने काच खाली केली. "आता डावीकडे काय आहे?"

"दरी आहे. खाली नदी, आणि एक माणूस मेंढ्या घेऊन चाललाय."

"किती मेंढ्या?"

"अहो, वळण आहे! मोजू की चालवू?"

"चालव, चालव," तो हसत म्हणाला. वळण संपल्यावर तिने गाडी कडेला घेतली, इंजिन चालूच ठेवलं, आणि त्याच्यासाठी सावकाश मेंढ्या मोजायला लागली.