सुपरचार्जरला वाहिलेला झेंडू

झेंडूचं फूल इंजिनाच्या घशात गेलं तर काय होतं, हे बी.ई. मेकॅनिकलच्या चार वर्षांत कुणीही शिकवत नाही. मला ते आईनं शिकवलं. तेही मी आंघोळीला गेलो असताना.

आधीच सांगतो, आमच्या घराण्यात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं. आजोबा निपाणीकडून बेंगळुरात आले ते अंगठा उठवणारे. अप्पा चौथी शिकले आणि एका मोठ्या कारखान्यात एकतीस वर्षं फिटर होते. त्यामुळे निकाल लागल्याच्या आठवड्यातच मी दारावर पितळी पाटी लावली: माझं नाव आणि पुढे बी.ई. (मेकॅनिकल). नोकरी लागायची होती, पण पाटी लागली होती. कुणाला हसायचं असेल त्यानं हसावं. चार वर्षं मी घासलेली आहेत.

अप्पा रिटायर झाले तेव्हा त्यांच्या जुन्या साहेबांनी आपली मोडकी गाडी त्यांना जवळजवळ फुकटात दिली. छोटीशी विलायती गाडी, माझ्यापेक्षा वयानं मोठी, डोळे वटारलेली, पाठीला पोक. आई तिला बेडकी म्हणायची. पत्रा इतका सडलेला, की मागच्या सीटवर बसल्यावर पायाखालचा रस्ता दिसायचा. अप्पांना त्या गाडीकडून एकच गोष्ट हवी होती. कारखान्याला दोन फाटकं होती, एक कामगारांचं, एक ऑफिसरांचं. एकतीस वर्षं अप्पा सायकलवरून ऑफिसरांच्या फाटकासमोर आले, की तिथला वॉचमन नंजप्पा हात झटकून म्हणायचा, "अण्णा, सैकल आ कडे." म्हणजे, सायकल तिकडून. दर दसऱ्याच्या आदल्या दिवशी, आयुधपूजेला, कारखाना बायकापोरांसाठी उघडा असतो, रिटायर झालेल्यांनाही बोलावणं असतं. त्या दिवशी अप्पांना स्वतःच्या गाडीत बसून ऑफिसरांच्या फाटकातून आत जायचं होतं.

"सावकाश जायचं," ते पुन्हा पुन्हा सांगत. "नंजप्पाला मी दिसलो पाहिजे."

आता इथे माझी चूक झाली असं आमच्या घरात आजही म्हणतात. मी म्हणत नाही. घरात एक इंजिनियर असताना ती बेडकी नुसती रंग लावून धाडायची, हे मला पटेना. एवढुसं इंजिन, चढावर सायकलवालेही तिला मागे टाकत. मी चिकपेटच्या मागच्या गुजरीत चार रविवार घालवले आणि जुन्या विमानाच्या केबिनमध्ये हवा भरायचा एक ब्लोअर शोधून काढला. (गुजरी म्हणजे भंगारबाजार. तिथला साबू म्हणाला, "विमानाचं आहे सार, गाडीला लावलं तर उडेल." तो थट्टा करतोय असं मला वाटलं होतं.) तो इंजिनाला जोडायचा, पट्ट्यानं फिरवायचा, झाला सुपरचार्जर.

अप्पांना मी नीट समजावून सांगितलं. "इंजिन आपलं आपण हवा ओढतं. हा ब्लोअर त्याच्या घशात हवा कोंबतो. जास्त हवा, जास्त पेट्रोल, जास्त ताकद."

"बेडकीला दमा झालाय काय?" अप्पा म्हणाले.

"दम्याचा काय संबंध?"

"मग कोंबायचं कशाला?"

आई तांदूळ निवडत होती. ती मान वर न करता म्हणाली, "भूक नसताना पोराला कोंबलं तर काय होतं, ते मला विचार की. तू लहानपणी कितींदा ओकलायस."

मी दरवाजा आपटून बाहेर गेलो.

पाच महिने मी त्या गाडीखाली पडून होतो. पत्रा कापला, जोडला, पट्ट्याची चाकं स्वतः आखून खरादावर करून घेतली. सगळं बसलं. फक्त कार्ब्युरेटर, म्हणजे हवा आणि पेट्रोल मिसळायचं भांडं, सुपरचार्जरच्या तोंडाशी आल्यावर त्यावर एअर फिल्टर बसेना. फिल्टर बसवला की बॉनेट मिटेना, बॉनेट मिटवलं की फिल्टर बसेना. मी फिल्टर काढून टाकला.

आईनं ते उघडं तोंड बघितलं आणि स्वयंपाकघरातून चहाची गाळणी घेऊन आली. "हे लाव. तोंड उघडं टाकून कुणी काम करतं काय? माशी जाईल."

"आई, गाळणीनं हवेला अडथळा होतो. हिशेब असतो त्याचा."

"माशीचा हिशेब केलास?"

मी संतापलो. पाच महिने ग्रीस खाल्लेल्या माणसाला माशीचा हिशेब विचारतात? मी ती गाळणी तिच्या हातातून घेतली आणि मोरीत भिरकावली. अप्पांनी ती उचलली, धुतली आणि फळीवर ठेवली. त्यांचं ते धुणं मला कुठल्याही शिवीपेक्षा जास्त लागलं.

आयुधपूजेच्या सकाळी मी गाडी चालू करून बघितली. अशी गुरगुरली, की शेजारचे अंगणात आले. समाधानानं मी आंघोळीला गेलो. तेवढ्या वेळात आईनं पूजा उरकली. माझे पाने, हातोडे, स्क्रू ड्रायव्हर पाटावर मांडले, त्यांना हळदकुंकू लावलं. चाकांखाली लिंबं ठेवली. पुढे केळीचे खांब बांधले. बाहेर येऊन बघतो तर बॉनेटवर हळदीचं ओलं स्वस्तिक.

"बॉनेट उघडलं होतंस?" मी विचारलं.

"नव्या यंत्राची पूजा नको? मान त्याचा आज."

"हात लावला नाहीस ना कशाला?"

"हात कशाला लावू? हळदकुंकू वाहिलं, फूल वाहिलं."

फूल कुठे वाहिलं, हे मी विचारलं नाही. कुणी विचारलं असतं? हात लावला नाही म्हटल्यावर मला वाटलं, वरून कुठेतरी टाकलं असेल. बाईनं झेंडूची अख्खी माळ सुपरचार्जरवर गुंडाळून तिचं टोक कार्ब्युरेटरच्या तोंडात खोचलं होतं. देवाच्या तोंडाशी नैवेद्य धरतात तसं.

लिंबं चिरडून आम्ही निघालो. पुढे मी आणि अप्पा. अप्पांच्या अंगात रिटायरमेंटला मिळालेला सफारी. मागे आई, मांडीवर प्रसादाच्या चुरमुऱ्यांची ही एवढी पिशवी. दोन गल्ल्या गेलो नाही तोच गाडी खोकायला लागली. घर्र करून ओढायची, मधेच घास अडकल्यासारखी गप्प व्हायची.

"थांबून बघतो," मी म्हणालो. "पाना कुठाय?"

"पाटावर," आई म्हणाली.

"पाटावर म्हणजे?"

"पूजेला लावलेल्या हत्याराला आज हात लावायचा नाही. उद्या आरती झाल्यावर उचल."

"आई, गाडी बंद पडेल."

"पडू दे की. पाप तरी लागणार नाही."

"अप्पा, सांगा हिला."

अप्पांनी समोर बघत सांगितलं, "एकतीस वर्षं मी आयुधपूजेला पान्याला हात लावला नाही. कारखाना चालला की."

रस्त्यात थांबून नुसत्या हातांनी काय उघडणार? बॉनेटवर ते ओलं स्वस्तिक, त्याला बोट लावलं असतं तर आईनं तिथेच उतरून रिक्षा केली असती. मी तसाच निघालो.

फाटक दिसलं. आंब्याची डहाळी, केळीचे खांब, दोन्ही दारं सताड उघडी, आणि खुर्चीवर नंजप्पा. अप्पांनी कॉलर नीट केली. "आता सावकाश हं," ते म्हणाले. नेमकी तेव्हाच बेडकी शेवटचे आचके द्यायला लागली. फाटक वीस पावलांवर. ऑफिसरांच्या फाटकात ढकलत जायचं? माझ्या गाडीनं? मी दात खाऊन ॲक्सिलरेटर तळाला दाबला.

सुपरचार्जरनं आपलं काम केलं, त्याला नावं ठेवणार नाही. त्यानं अख्खी माळ ओढली. फुलं आणि दोरा कार्ब्युरेटरच्या आतल्या झडपेत अशी घट्ट अडकली, की झडप पूर्ण उघडी ती उघडीच राहिली. मी पाय काढला. गाडीला पत्ता नाही. साबूच्या शब्दाला जागून ती उडाली. फाटकातला केळीचा खांब बॉनेटवर आडवा आला, नंजप्पा खुर्चीसकट कुंडीमागे गेला, आणि आम्ही ऑफिसरांच्या फाटकातून आत शिरलो. सावकाश सोडून सगळं झालं.

आत ऑफिससमोर एक गोल बाग होती. मी तिला वळसा घातला, कारण सरळ गेलो असतो तर मॅनेजरच्या खोलीत गेलो असतो. ब्रेकवर उभा राहिलो, तर ब्रेकमधून धूर यायला लागला. क्लच दाबला असता तर मोकळं सुटलेलं इंजिन फुटलं असतं, हा हिशेब मी पहिल्याच वळणावर मनात केला आणि तो बरोबर होता, आजही बरोबर आहे. मागे चुरमुऱ्यांची पिशवी फुटली होती. केसांत, कानांत, डोळ्यांत चुरमुरे. बागेभोवती कामगारांची बायकापोरं जमली. एका पोरानं टाळ्या वाजवल्या आणि मग सगळ्यांनीच वाजवल्या. त्यांना वाटलं, कार्यक्रम आहे.

"झडप अडकली!" मी ओरडत होतो. "झडप अडकली अप्पा!"

दुसऱ्या फेरीला तर अप्पा माझ्याकडे बघतसुद्धा नव्हते, फाटकाकडे बघत होते. तिसऱ्या फेरीला नंजप्पा कुंडीमागून उठला. अप्पा ताठ बसले, केसांतले चुरमुरे झटकले आणि खिडकीतून हात बाहेर काढून सावकाश हलवला. नंजप्पा बघत राहिला. मग त्याच्या टाचा जुळल्या आणि त्यानं सलाम ठोकला.

अप्पांनी हात आत घेतला, डॅशबोर्डवरची किल्ली फिरवली आणि इंजिन बंद केलं.

गाडी फुलांच्या वाफ्यात जाऊन शांत झाली. बॉनेटच्या फटीतून पिवळ्या पाकळ्या आणि धूर येत होता. नंजप्पा धावत आला, अप्पांच्या बाजूचं दार उघडलं आणि म्हणाला, "सार, स्वल्प आ कडे पार्क माडी." म्हणजे, साहेब, जरा तिकडे लावा. अप्पांना त्यानं एकतीस वर्षांत पहिल्यांदा सार म्हटलं होतं. अप्पा खाली उतरले, सफारी खाली ओढला आणि म्हणाले, "सरी, ठीक आहे नंजप्पा, माझा ड्रायव्हर लावेल."

ड्रायव्हर म्हणजे मी. बी.ई. मेकॅनिकल.

घरी आल्यावर मी जे बोललो ते इथे लिहीत नाही. फक्त शेवटी विचारलं, "किल्ली फिरवायची हे तुम्हाला आधीच माहीत होतं?"

"फाटकातून आत आलो तेव्हाच."

"मग पहिल्याच फेरीला का नाही बंद केली? जीव गेला असता तिघांचा."

"पहिल्या फेरीला नंजप्पा कुंडीमागे होता," अप्पा म्हणाले. "त्यानं मला बघितलं कुठं होतं?"

दुसऱ्या दिवशी आरती झाल्यावर मला माझे पाने परत मिळाले. सबंध दिवस मी चिमट्यानं एकेक पाकळी काढत बसलो. संध्याकाळी अप्पा आले, फळीवरची गाळणी घेतली, कार्ब्युरेटरच्या तोंडावर धरली. माप न घेता बसली. बॉनेटही मिटलं. हवेला काही अडथळा झाला नाही, हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

आईनं दुसरी गाळणी आणली नाही, मुद्दाम. आमच्याकडे चहा अजून फडक्यानं गाळतात आणि चोथा पेल्यात येतोच. पाहुण्यांनी विचारलं, की ती नुसतं दारावरच्या पितळी पाटीकडे बोट दाखवते.