धावड्याचे खुंट

आमच्या वस्तीच्या मागे टेकडी आहे. पारनेर तालुक्यात अशा टेकड्या जागोजागी दिसतात, मुरमाड, उन्हाळ्यात नुसत्या पिवळ्या. आमची टेकडी सातबाऱ्यावर आहे खरी, पण तिथं कधी काही पिकलं नाही. लहानपणापासून मी तिच्यावर गुडघ्याएवढी झुडपं बघत आलो. ती धावड्याची, एवढं माहीत होतं. लोक सरपणाला तोडायचे, उरलेलं शेरडं कुरतडायची. धावडा चांगला उंच वाढतो हे मी अकोले तालुक्यातल्या डोंगरात पाहिलं तेव्हा कुठं खरं वाटलं.

मेहुणे वारल्यावर थोरली बहीण कायमची माहेरी आली. मूलबाळ नव्हतं. आक्का दिवसभर ओट्यावर बसून राहायची, विचारलं तेवढंच बोलायची. मग एक दिवस आपण होऊन म्हणाली, "मला शेरडं घेऊन दे." घोडेगावच्या बाजारातून शेळ्या आणल्या आणि ती रोज भाकरी बांधून टेकडीवर जायला लागली.

माझं पारनेरला मोटर दुरुस्तीचं दुकान आहे. बोअर आटले की लोक माझ्याकडे मोटारी घेऊन येतात, तेव्हा पावसाचं पाणी न धरणारी आमची उघडीबोडकी टेकडी डोक्यात घोळायची. एका पावसाळ्यात मी तिच्या एका अंगाला खड्डे घेतले, लिंब आणि करंज लावले, भोवती बाभळीच्या काट्यांची वई घातली. उन्हाळ्यात गाडीला कॅन बांधून पाणी वाहिलं. तरी सगळी रोपं जळाली.

"हितं काय जगत न्हाई," आक्का म्हणाली. हिणवायला नव्हे, समजूत घालायलाच म्हणाली.

वई काढायचंही मन होईना. पुढच्या पावसाळ्यानंतर काटे सरपणाला आणावेत म्हणून गेलो, तर आतल्या धावड्याच्या खुंटांना छातीएवढे फुटवे आलेले. आक्काला हाक मारली. तिनं वाकून खुंटाला हात लावला.

"हे तर मेल्यालं हुतं," ती म्हणाली.

मेलेलं नव्हतं. वर्षानुवर्षं तुटत, कुरतडलं जात ते झाड खाली खडकाच्या भेगांत मुळं धरून होतं. मी ज्याच्या शेजारी खड्डे घेऊन रोपं लावली, ते झाड तिथं आधीपासूनच होतं. त्याला फक्त कुणी चार-दोन वर्षं खायला नको होतं.

मग सगळ्या टेकडीलाच वई घालायची, असं मी ठरवलं. आक्का चिडली. "तुझी झाडं वाढावी म्हनून माझ्या शेरडांनी काय खायाचं? दगडं?" कितीतरी दिवस ती माझ्याशी बोलली नाही. माझ्या बायकोनं मधे पडून अर्धी टेकडी बंद, अर्धी चराईला, असं ठरवून दिलं. वई घालताना आक्कानंही काटे ओढले, पण म्हणाली, "एवढं गवत उभं ठेवलं तर वनवा लागंल." मी मनावर घेतलं नाही. हिरवं गवत बघून मी खूश होतो.

होळीनंतर वणवा लागलाच. दुकानात फोन आला. मी पोहोचलो तेव्हा आक्का ओल्या पोत्यानं आग झोडपत होती, पदराची कड जळालेली. शेजारच्या वस्तीवरची माणसं धावली, संध्याकाळपर्यंत आग आटोक्यात आली. फुटवे काळे पडले होते. आक्का तिथंच राखेत बसली आणि रडायला लागली. मेहुणे गेल्यापासून मी तिला रडताना पाहिलं नव्हतं. मी शेजारी बसलो. मेहुण्यांचं नाव काढावंसं वाटलं, पण धीर झाला नाही.

पावसाळ्यात धावडे पुन्हा बुडापासून फुटले. तेव्हापासून दिवाळीनंतर आम्ही गवत कापून आणतो, ते शेळ्यांना पुरवून पुरवून घालतो. एका खुंटाला दोन-तीन सरळ फुटवे ठेवायचे, बाकीचे पाल्यासाठी काढायचे. हे काम आता आक्काच करते, मी सांगितलेलं तिला खपत नाही.

आता धावडे माणसाच्या वर गेले आहेत. हिवाळ्यात पानं तांबूस होतात आणि गळून खाली कुजतात. मुरमावर मातीचा पातळ थर धरलाय, पावसाचं पाणी पूर्वीसारखं गढूळ होऊन ओढ्याला धावत नाही. गवतात तित्तरं अंडी घालतात. त्यानं आमच्या विहिरीचं पाणी वाढलं का, हे मला छातीठोकपणे सांगता यायचं नाही. चराईची बाजू मात्र अजून तशीच खुरटी आहे. तिच्याकडे बघून वाईट वाटतं, पण शेरडांनाही पोट आहे.

गेल्या रविवारी आक्कासाठी भाकरी घेऊन वर गेलो. दोघं धावड्याच्या सावलीत जेवलो. ती एकदम म्हणाली, "ह्यांना भाकरीबरोबर ठेचा लई लागायचा. मी रागवायची, पोट दुखंल म्हनून."

"दुखायचं का?" मी विचारलं.

"व्हय की. मग सोडा घालून पानी प्यायचे, आन् दुसऱ्या दिवशी परत."

ती हसली. मग त्यांचं बरंच काही सांगत राहिली, लग्नाआधी सायकलवरून त्यांनी तिला बघायला कसं यायचं ठरवलं आणि रस्ता चुकून भलत्याच गावात कसे गेले इथपर्यंत. मी विचारत गेलो. शेळ्या खाली उतरायला लागल्या तरी आम्ही उठलो नव्हतो.