जसिंताची हिरवी गाडी आणि माझी रीसेल व्हॅल्यू

मस्कतमधला गुरुवार होता, दुपारची वेळ. माझी बायको जसिंता अल् घुब्रातल्या आमच्या फ्लॅटचा जिना अक्षरशः पळत चढली आणि दारातूनच ओरडली, “पास!”

दोन हजार सालाच्या आसपासची गोष्ट ही. ओमानमध्ये लायसन्स काढणं म्हणजे काय ते तिथे राहिलेल्यांनाच ठाऊक… पिंपांच्या मधून गाडी रिव्हर्स घ्यायची, पिंपाला नुसता धक्का लागला तरी नापास. ती तीनदा नापास झाली होती. एरवी शाळेत पोरांना दटावणारी बाई, पण त्या दिवशी स्वतःच घरभर नाचत होती.

आमच्या बिल्डिंगखाली तेव्हा एक गडद हिरवी अमेरिकन गाडी विकायला उभी होती. लांबलचक, पुढची सीट सोफ्यासारखी सलग. जसिंताने तिच्याभोवती दोन फेऱ्या मारल्या, काचेला नाक लावून आत पाहिलं आणि म्हणाली, “हीच घेऊया ना रे.”

(कंपनीचं नाव लिहीत नाही. तिच्या गाड्या बाळगणारे अजून हळवे आहेत, कमेंटमध्ये माझी धुलाई करतील.)

आता मी पडलो स्पेअर पार्ट्सच्या काउंटरवरचा माणूस. घरात गाडी यायची आणि पसंती दुसऱ्याची, म्हणजे काय! म्हटलं, थांब, आधी चौकशी करतो.

चौकशी अशी केली की विचारू नका. शंभर वर्षं जुनी कंपनी… क्लच नसलेली गाडी साध्या गिऱ्हाइकाला सगळ्यात आधी हिनेच विकली म्हणे. एके काळी अमेरिकेत डॉक्टर-वकिलांच्या दारात हीच उभी असायची. मग जपानी गाड्या आल्या, तरुण पोरं हिला म्हाताऱ्यांची गाडी म्हणायला लागली, आणि नेमकी आमच्या चौकशीच्याच सुमारास बातमी आली की हा ब्रँडच बंद होणार.

अशी गाडी असलेल्या दोघा मालकांनाही गाठलं. काउंटरवर येणारे एक ओमानी काका म्हणाले, पेट्रोल पाण्यासारखं पिते, पण जूनच्या उन्हात हिच्या एसीला तोड नाही, मी कधी विकणार नाही. दुसरे रत्नागिरीचे इब्राहिमभाई, अल मवालेहच्या मार्केटात भाजीचे व्यापारी. ते म्हणाले, “पार्ट लवकर मिळत नाय, डोक्याला ताप आहे नुसता. पण बायको म्हणते, गाडी विकलीत तर मलापण विका!”

त्या संध्याकाळी जेवताना मी जसिंताला सगळं सांगितलं… म्हणजे अर्धंच. पेट्रोल सांगितलं, पार्ट सांगितले, ब्रँड बंद होणार तेही सांगितलं. दोघांपैकी एकही मालक गाडी सोडायला तयार नाही, हे मात्र गिळून टाकलं. वर ठेवणीतलं अस्त्र काढलं, “आणि रीसेल? शून्य!”

गल्फमध्ये राहिलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. आम्ही तिथे फ्रिज घेतला, सोफा घेतला, तो आवडला म्हणून नव्हे… उद्या देशात परत जाताना कोण घेईल हे बघून. पुढच्या गिऱ्हाइकाच्या आवडीने आपण आपला संसार मांडायचा. गाडी तर पांढरीच हवी, जपानीच हवी.

“तुझंच खरं,” एवढं म्हणून ती ताट उचलून आत गेली.

पांढरी जपानी गाडी आली. जसिंता चालवायला बसली की मी शेजारी… “डावीकडे बघ. हळू. अगं, घासशील! एक ओरखडा पडला तर भाव पडतो गाडीचा.” रोज हेच. चार-पाच महिन्यांत तिने चावी मागणं सोडलं. मी विचारलंही नाही का ते. खरं सांगू? बरंच वाटलं मला.

पुढे काही वर्षांनी आम्ही कायमचे वसईला निघालो. गाडी घ्यायला मस्कतपासून दूर, सहम गावचा एक दुकानदार आला, मूळचा रायगडचा, सोबत बायको. नव्यासारखी गाडी बघून खूश झाला. सीटवरचं प्लास्टिक आम्ही तोवर काढलंच नव्हतं… त्याने ते तिथल्या तिथे टर्रकन फाडलं आणि चावी सरळ बायकोच्या हातात दिली.

तिने रिव्हर्स घेतली आणि पार्किंगच्या खांबाला मागचा कोपरा खर्रर्र करून घासला. मी धावलोच ओरखडा बघायला! तो उतरला, ओरखड्यावरून बोट फिरवलं आणि हसत सुटला. “चला, झाली गाडी आपली! यल्ला, चल पुढे.” ती पण हसली. गेली की चालवत, थेट सहमला.

जसिंता कितीतरी वेळ रस्त्याकडे बघत उभी होती.

वर रिकाम्या फ्लॅटमध्ये खोक्यांवर बसून मी तिला सगळं सांगून टाकलं. ते ओमानी काका काय म्हणाले, इब्राहिमभाईंची बायको काय म्हणाली, मी काय लपवलं… म्हटलं, तुझी हिरवी गाडी मी घेऊ दिली नाही, चुकलंच माझं.

ती म्हणाली, “अरे वेड्या, हिरवी काय आणि पांढरी काय… तू शेजारी गप्प बसला असतास ना, तर मी कुठलीही चालवली असती.”

तिचं लायसन्स तिकडेच संपलं. इथे वसईत पुन्हा शिक म्हणून मी मागे लागलो, तर म्हणते, आता हौस राहिली नाही रे. हे चारचौघांत लिहितोय, कारण त्या दिवशी खोक्यावर बसून मी ‘चुकलं’ म्हणालो ते गाडीबद्दल… खरी चूक कुठे झाली ते तिनेच मला सांगितलं, आणि त्या चुकीची माफी मागायची राहूनच गेली. जसिंता, तू हे वाचशीलच. सॉरी गं… आणि एवढी वर्षं मी गाडी चालवताना शेजारी बसलीस, एकदाही टोकलं नाहीस, त्याबद्दल थँक यू.