केसभर खाली

पट्टीवर एक बोट ठेवायचं, मान डावीकडे किंचित कलती करायची, बराच वेळ तोच एक सूर ऐकत राहायचं आणि मग समोरच्या माणसाला विचारायचं, "आत किती जण आहेत?"

सिंथेसायझर विकायला काढलेला माणूस या प्रश्नाने गडबडून जायचा. मुलुंडच्या एका बिचाऱ्याने तर स्वयंपाकघराकडे बघून "मिसेस आहे, आई आहे" असं सांगून टाकलं होतं. मला हसू आवरेना. बाई मात्र बोट न उचलता म्हणाल्या, "घरात नाही हो. या पेटीत."

बाई म्हणजे आमच्या विक्रोळीच्या कारखान्यातल्या टेलिफोन ऑपरेटर. मी तिथे स्टोअर्समध्ये क्लार्क होतो आणि सुट्टीच्या दिवशी घाटकोपरच्या एका ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचो. ऐंशीनंतरची चार-पाच वर्षं असतील. बाईंना नाव होतं, हजेरीपटावर होतं, पण साहेबांपासून कँटीनवाल्यापर्यंत सगळे त्यांना बाईच म्हणत. मीही इथे तेवढंच म्हणतो.

तुमच्याही ऑफिसात असं एखादं माणूस असेल, ज्याचा आवाज रोज कानावर पडतो आणि चेहरा वर्षातून दोनदा दिसतो. बाई एका अरुंद खोलीत बोर्डासमोर बसायच्या. बोर्डाला ओळीने भोकं, आणि टोकाला पिना असलेल्या दोऱ्या. एका भोकातली पिन काढून दुसऱ्यात घातली की लाइन जोडली जायची. हे करताना त्यांना बघावं लागत नसे. मांडीवर मटार सोलता सोलता त्या सगळ्या कारखान्याला बोलतं ठेवायच्या. मोठ्या साहेबांच्या भोकापाशी तेवढा नेलपॉलिशचा एक लाल ठिपका होता, बोटाला लागेल इतका जाड. तिथे चूक झाली असती तर वाट लागली असती.

मी फोन उचलून "हॅलो" म्हटलं की लाइन देण्याआधी निदान व्हायचं. "घसा बसलाय तुझा. मिठाच्या गुळण्या कर." नाहीतर, "आज घरी वाजलेलं दिसतंय." एकदा मी वैतागून विचारलं, "बाई, तुम्ही लोकांचं बोलणं ऐकता का हो?"

"ऐकत नाही रे बाबा. पण हॅलो तर कानावर पडतोच ना. हॅलोमध्ये सगळं असतं."

एका सोमवारी त्यांनी आपणहून स्टोअर्सला फोन केला. "तू ऑर्केस्ट्रात वाजवतोस ना? मला ते सिंथेसायझर घ्यायचंय. ऐकून घेणार. तू बरोबर चल."

मला वाटलं, भाच्याबिच्यासाठी असेल. बाई पन्नाशीच्या, अंधेरीच्या गावठाणात एकट्या राहणाऱ्या. लग्न केलेलं नव्हतं. त्यांच्या घरी कोणी गेल्याचं माझ्या ऐकिवात नव्हतं. मी विचारलं, "कोणासाठी?"

"माझ्यासाठी. का, मला कान नाहीत?"

ही वाद्यं तेव्हा दुकानात जाऊन उचलून आणण्यासारखी नव्हती. कोणाच्या तरी भावाने आखातातून आणलेलं असायचं, कोणाचा ऑर्केस्ट्रा मोडलेला असायचा. ओळखीतून ओळख काढत त्या घरी जायचं, सरबत प्यायचं आणि ऐकायचं. आमचे असे पाच-सहा रविवार गेले. माझी बायको म्हणायची, मुलगी बघायला जातात तसे जाता तुम्ही दोघं, आणि पसंत एकही पडत नाही.

अंधेरीलाच रेकॉर्डिंगला वाजवणारे एक गृहस्थ होते. त्यांचं यंत्र नवंकोरं. त्यांनी एक बटण दाबून व्हायोलिन काढलं, दुसरं दाबून बासरी, तिसरं दाबून चक्क पाऊस पाडला. मी तर खूष झालो. बाईंनी एक पट्टी दाबली, मान कलती केली आणि आपला प्रश्न विचारला. गृहस्थ अभिमानाने म्हणाले, "एकदम आठ सूर वाजतात, बाई."

"आठ वाजतात हो," बाई म्हणाल्या. "पण एकाच माणसाच्या आठ फोटोंसारखे वाजतात."

मुलुंडच्या यंत्राचा आवाज त्यांना बरा वाटला. पण त्याच्यावर फिरवायला काहीच नव्हतं. सगळी बटणं चपटी, एकसारखी, आणि आवाज जरा बदलायचा तर आधी आकडा दाबायचा, मग आणखी एक आकडा. बाईंनी डोळे मिटून हात फिरवला. हाताला काहीच सापडेना. जिना उतरताना म्हणाल्या, "याच्याशी बोलायचं तर नंबर लावावा लागतो. तो मी दिवसभर लावतेच ना रे."

शेवटी बोरिवलीत जमलं. लग्नाच्या वरातीत वाजवणारे एक म्हातारे होते. त्यांच्याकडे पलंगाखाली जुन्या चादरीत गुंडाळलेलं एक धूड होतं. दोन्ही बाजूंना लाकूड, वर नॉबच नॉब, त्यातल्या दोघांच्या टोप्या उडालेल्या. म्हातारे आधीच ओशाळून बोलायला लागले. "तापायला वेळ घेतं हे. आणि आत आवाज काढणारे दोन भाग आहेत, त्यातला एक थोडा उतरतो. दोघं एका सुरात राहत नाहीत. म्हणून आता बाहेर नेत नाही."

"तापू दे," बाई म्हणाल्या. "मलाही लागतो वेळ."

आम्ही चहा घेतला. मग बाईंनी डोळे मिटले आणि बोर्डावर फिरवायच्या तसा त्या नॉबांवरून हात फिरवला. प्रत्येक नॉब वेगळा हाताला लागत होता. एक त्यांनी अगदी थोडा डावीकडे वळवला आणि पट्टीवर बोट ठेवलं. सूर एकच होता, पण सपाट नव्हता. आत काहीतरी हळूहळू झुलत होतं. दोन माणसं एकच ओळ गातात आणि त्यांची गळाभेट होते न होते, तसं काहीतरी. बाई किती वेळ तशाच बसून राहिल्या. या वेळी त्यांनी प्रश्न विचारला नाही. "दोघी आहेत," एवढंच म्हणाल्या.

परतताना लोकलमध्ये त्यांनी सांगितलं. मोठी बहीण होती. तिनेही लग्न केलं नव्हतं. दोघी लहानपणापासून एका घरात राहिल्या आणि दर रविवारी चर्चमध्ये शेजारी उभ्या राहून गायल्या. "ती नेहमी केसभर खाली लागायची. फादर चिडायचे. मीही चिडायचे. पण माझा आवाज तिच्यावर टेकलेला असायचा रे. चार वर्षं झाली ती जाऊन. आता मी चर्चमध्ये नुसते ओठ हलवते. तोंडातून सूरच निघत नाही."

हे त्यांनी कारखान्यात "लाइन एंगेज आहे" सांगावं तशा आवाजात सांगितलं. मी खिडकीबाहेर बघत बसलो.

महिनाभराने बायकोला घेऊन त्यांच्याकडे गेलो. दाराशी पोचलो तेव्हा आत गाणं चाललं होतं. यंत्रावर एक सूर धरलेला आणि त्याच्यावर बाईंचा आवाज, जुना, थोडा खरखरीत, पण मोकळा. आम्ही ओट्यावर थांबलो. दार उघडल्यावर बाई लाजल्या. मग त्यांनी मला यंत्र दाखवलं. त्या डावीकडे वळणाऱ्या नॉबपाशी नेलपॉलिशचा लाल ठिपका होता. "इथे ती असते," त्या म्हणाल्या. "सापडायला पंधरा दिवस लागले. आता हात लावला की लगेच भेटते." रविवारी चर्चमध्ये त्या गायल्याही होत्या. शेजारच्या बायकांनी वळून पाहिलं, असं त्यांनी दोनदा सांगितलं.

इथवरच ही गोष्ट संपली असती तर मला लिहायला बसावं लागलं नसतं.

गणपतीत आमच्या ऑर्केस्ट्राचा कार्यक्रम होता आणि आदल्याच दिवशी आमचं यंत्र बंद पडलं. मी बाईंकडे धावलो. त्या क्षणभर थांबल्या. मग स्वतःच चादर आणून यंत्र गुंडाळून दिलं. "पाहिजे ते फिरवा. फक्त परत आणताना ठिपक्यावर आणून ठेव."

कार्यक्रम झकास झाला. आता आमच्याकडची रीत तुम्हाला माहीत आहे. शेजारणीची वाटी रिकामी परत द्यायची नाही. निदान चिमूटभर साखर तरी घालायची. मला वाटलं, एवढी मोठी वस्तू विश्वासाने दिली, ती तशीच कशी परत न्यायची? घाटकोपरला आमचा एक रेडिओ दुरुस्त करणारा होता, भारी हुशार. त्याच्याकडे यंत्र नेलं आणि म्हणालो, "आपल्या बाईंचं आहे. अगदी मनापासून कर."

त्याने मनापासून केलं. उघडलं, साफ केलं, उडालेल्या टोप्या बसवल्या, बाकीच्या नॉबांनाही त्याच जातीच्या नव्या घातल्या. वरचा सगळा पत्रा थिनरने पुसून लखलखीत केला. "आतले दोन्ही आवाजही मिळवून दिलेत," तो म्हणाला. "बराच फरक होता. आता दोघं एकजीव झालेत बघ." मी त्याच्या पाठीवर थाप मारली. खरंच मारली, ती थाप मला आजही आठवते. ठिपका, बहीण, बोरिवलीहून परततानाचं बोलणं, सगळं मला ठाऊक होतं. पण त्या चकचकीत यंत्राकडे बघताना मला फक्त आपण किती चांगली माणसं आहोत एवढंच वाटत होतं.

बाईंच्या घरी मी चादर अशी काही ओढली की जणू आत मूर्तीच आहे. बाईंनी हात जोडल्यासारखे केले. मग वाकून त्या नॉबपाशी पाहिलं. पत्रा कोरा होता. यंत्र तापेपर्यंत त्यांचं बोट त्या जागेवरून फिरत राहिलं. त्यांनी पट्टीवर बोट ठेवलं, मान कलती केली. सूर आला, सरळ, स्वच्छ, रुळासारखा.

"छान झालंय रे," बाई म्हणाल्या. "नवं दिसतंय."

"बाई, तो ठिपका..."

"राहू दे. सापडेल. एकदा सापडलं ना." आणि त्या चहा टाकायला आत गेल्या. त्या दिवशीच्या चहाबरोबर त्यांनी केकही दिला.

दुसऱ्या दिवसापासून मी सकाळी फोन उचलून हॅलोच्या आधी विचारायला लागलो, "सापडलं का?"

"शोधतेय. कुठे लाइन देऊ?"

रोज हेच. पावसाळा संपला, नाताळ आला. मग एका सकाळी त्या लाइन न देता थोड्या थांबल्या. "तुला सांगते. यंत्राचं काही नाही. फिरवते तेव्हा वाटतं, हीच ती. दुसऱ्या दिवशी ऐकलं की वाटतं, ही कोणी दुसरीच बाई आहे. ती नेमकी किती खाली लागायची ते आता मीच विसरले. ठिपक्याला ठाऊक होतं." मला आठवतं, माझ्या हातात सुट्या भागांची यादी होती आणि मी ती उगाच वाचत राहिलो. "तुझा काही दोष नाही," त्या म्हणाल्या. हॅलोमध्ये सगळं ऐकणाऱ्या बाईला माझ्या गप्प बसण्यातही ऐकू आलं असणार. त्यानंतर मी विचारणं सोडलं. त्या चर्चमध्ये पुन्हा ओठ हलवतात की गातात, तेही विचारलं नाही. ती हिंमत माझ्यात नव्हती.

पुढे कारखान्यात आपोआप लाइन जोडणारं यंत्र आलं. दोऱ्या गेल्या, बोर्ड गेला, बाईंना बिलांच्या टेबलावर बसवलं. सहा महिन्यांत त्यांनी नोकरी सोडली आणि मनोरीला आईच्या गावी जाऊन राहिल्या. जाण्याआधी त्यांनी सिंथेसायझर माझ्याकडे टेम्पोने पाठवून दिलं. चिठ्ठी वगैरे नव्हती. चादर उलगडली तर आत नेलपॉलिशची छोटी बाटली निघाली. अर्धी भरलेली. त्यांनीही वाटी रिकामी पाठवली नव्हती.

मी एकदा मनोरीला गेलो होतो. मार्व्याहून तरीने खाडी ओलांडली, विचारत विचारत घर शोधलं. घराला कुलूप होतं. शेजारचा जाळं विणता विणता म्हणाला, "त्या होय? पावसाळ्यातच वारल्या की. तुम्ही कोण?" मी कारखान्यातला, असं सांगितलं. आणखी काय सांगणार?

यंत्र अजून माझ्याकडे आहे. तापायला पूर्वीपेक्षा जास्त वेळ घेतं. रविवारी दुपारी मी ते लावतो, एक पट्टी धरतो आणि तो नॉब डावीकडे नेतो. केसभर, मग आणखी केसभर. कधी कधी आत खरंच दोघी गायला लागतात. पण बोरिवलीला ऐकलेल्या त्याच का, हे मला सांगता येत नाही, आणि त्या बहिणीला तर मी कधी ऐकलंच नव्हतं. बाटलीतलं नेलपॉलिश केव्हाच सुकून गेलंय.

आतून बायको विचारते, "सापडलं का?"

"शोधतोय," मी म्हणतो. मग पट्टीवरचं बोट उचलतो, आणि दोघी एकदम गप्प होतात.